कुशल कामगार मिळत नाही म्हणे!

(वस्तीतल्या युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली बोली तशीच ठेवली आहे.)



मी वक्ता नाही. मी टर्नर आहे. तीस वर्षं भोसरीच्या शेडमध्ये लोखंड कापतोय. तेव्हा माझं बोलणंही लेथवरच्या कामासारखं असणार. आधी रफ, मग फिनिश. मधे कुठं ठिणगी उडाली तर डोळे सांभाळा.

तुम्ही मला विषय दिलात : ‘स्थानिक उद्योगांची वाढ आणि कुशल कामगारांचा तुटवडा.’ नाव भारी आहे. मालक लोकांच्या परिषदेत, चहा-बिस्किटांबरोबर शोभेल असं. साध्या भाषेत सांगायचं तर गोष्ट एवढीच : कारखाना वाढला, मशीन वाढली, ऑर्डर वाढली, आणि मालक कपाळाला हात लावून म्हणतो, माणूस मिळत नाही.

भोसरी एमआयडीसीच्या कुठल्याही गल्लीत शिरा. गेटवर पाटी आहे. ‘पाहिजेत : सीएनसी ऑपरेटर, व्हीएमसी सेटर, टर्नर, वेल्डर. अनुभवी.’ पाटीचा रंग उडतो, पण पाटी खाली येत नाही. तिथून मैलभर चाला आणि आपल्या वस्तीच्या तोंडाशी संध्याकाळी सात वाजता उभे राहा. आयटीआयचा दाखला पत्र्याच्या पेटीत ठेवलेली पोरं दुसऱ्यांच्या जेवणाच्या पिशव्या पाठीला लावून मोटारसायकली पळवत असतात. सकाळी या, तर त्यांचे बाप मजूर अड्ड्यावर उभे दिसतील. एका टोकाला ‘पाहिजेत’, दुसऱ्या टोकाला ‘रिकामे’. मधे फक्त एक मैल रस्ता.

हा एक मैल इतका लांब का झाला, एवढंच मला आज बोलायचं आहे.

आधी मालकाची बाजू सांगतो. ज्याच्याशी भांडायचं त्याला नीट ओळखावं. मी ज्याच्याकडे १९९४ साली लागलो त्या मालकाचं नाव घेत नाही. त्याच्यासारखे भोसरीत शेकड्यांनी आहेत. तेव्हा त्याच्याकडे पत्र्याची एक शेड, दोन जुने लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक हॅकसॉ. मालक स्वतः मशीनवर उभा राहायचा. हात काळे असायचे. मोठ्या मोटार कंपनीच्या सप्लायरचा हा सप्लायर. बुश, पिना, फ्लॅंज असला किरकोळ माल. घर गहाण टाकून त्याने पहिलं सीएनसी मशीन आणलं. मग दुसरं, मग चौथं. आज दोन शेड आणि चाळीस मशीन आहेत. हे आयतं झालेलं नाही, हे मी मान्य करतो.

त्याच्या मानेवरही पाय आहे. वरची कंपनी दर वर्षी म्हणते, भाव कमी कर. पैसे देते तीन-तीन महिन्यांनी. माल एक दिवस उशिरा गेला की दंड कापते. मग तो काय करतो? त्याच्या मानेवरचा पाय तो आपल्या मानेवर ठेवतो. वरच्याला ‘नाही’ म्हणायची त्याची ताकद नसते. खालच्याचं ‘नाही’ ऐकायची त्याला गरज वाटत नाही.

आता त्याची तक्रार. तीही अर्धी खरी आहे. कौशल्य म्हणजे काय ते बघा. एका शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर पाहिजे आणि सूट आहे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची. मायक्रोमीटरवरची एक रेघ. सकाळी थंड मशीनवर निघालेला जॉब आणि दुपारी मशीन तापल्यावर निघालेला जॉब सारखा नसतो. टूलचं टोक झिजतं, माप सरकतं. बीड कापलं तर कीस भुकटीसारखा पडतो, पोलाद कापलं तर वेटोळी निघतात, आणि जास्त तापलं की वेटोळी निळी पडतात. कापण्याचा आवाज बदलला की चांगल्या टर्नरला पाठमोरं असताना कळतं, काहीतरी बिघडलंय. कॉम्प्युटरचं मशीन आलं म्हणून हे संपलं नाही. त्या मशीनला अक्कल देणारा सेटर लागतोच. ड्रॉइंग वाचायचं, टूल लावायचं, ऑफसेट द्यायचा, पहिला जॉब मोजून पास करायचा. हे सहा महिन्यांत येत नाही. तीन-चार वर्षं लागतात, आणि शेजारी शिकवणारा माणूस लागतो.

म्हणजे मालक म्हणतो तसा माणूस कमी आहे, हे खरं. पण तो माणूस येतो कुठून? तो काय झाडाला लागतो?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभं राहिलं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्को इथं आली. या माळावर तेव्हा आयते टर्नर-फिटर कुठून असणार? बाजरीच्या शेतात मायक्रोमीटर उगवत नाही. मोठ्या कारखान्यांना माणसं घडवावी लागली. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला होता. पोरं घ्यायची, त्यांना काही वर्षं शिकवायचं, बेंचवर कानस चालवायला लावायची, मग मशीन द्यायची, ही रीत होती. त्या पोरांतून मिस्त्री झाले. त्या मिस्त्र्यांच्या जिवावर भोसरीच्या शेडी उभ्या राहिल्या. माझा मालकसुद्धा अशाच एका मोठ्या कारखान्यातला शिकाऊ. ज्या कसबावर तो मालक झाला, ते कसब तो दुसऱ्याच्या खर्चानं शिकला होता. हे तो विसरला. आपण विसरायचं नाही.

नव्वदनंतर काय झालं? मोठ्या कारखान्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली जुनी माणसं घरी पाठवली. कायम कामगाराच्या जागी ठेकेदाराचा माणूस आला. जिथून सगळा औद्योगिक पट्टा पाणी भरत होता ती विहीर आटली. लहान मालकानं त्या विहिरीतून फुकट पाणी उपसलं, पण स्वतः कधी घमेलंभर माती काढली नाही. आणि आता ओरडतो, पाणी नाही!

तुम्ही म्हणाल, लहान मालक शिकवणार कसा? त्याला परवडतं का? इथं मी तुम्हांला एक जुनी गोष्ट सांगतो. ती आपल्या शत्रूची नाही आणि आपल्या गोतावळ्यातलीही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलेला माणूस. पुढं लोखंडी नांगर करायला लागला, तर शेतकरी तो घेईनात. लोखंडानं जमीन नासते, असा समज होता. बेळगावची जागा गेली. औंधच्या राजांनी मदत केली आणि १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या ३२ एकर उजाड माळावर त्यांनी कारखाना उभा केला. भोवती निवडुंग आणि साप. पंचवीसएक कामगार आणि त्यांचे संसार. तिथं मोल्डर, टर्नर कुठून मिळणार? आसपासच्या खेड्यातली माणसं घेतली, शिकवली, उभी केली. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमलं.

मी त्यांची आरती करत नाही. मालक तो मालक. पण या गोष्टीतून एक सिद्ध होतं. कुशल कामगार ‘मिळत’ नसतो, तो करावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी माळावर जे जमलं ते आज चाळीस मशीनच्या मालकाला जमत नाही, असं तो म्हणत असेल तर अडचण पैशाची कमी आणि नजरेची जास्त आहे.

आता नजरेकडे येतो. कारण कसब शिकवायचं ठरलं तरी ते कोणाला शिकवायचं, हा प्रश्न या देशात जातीनं आधीच सोडवून ठेवलेला असतो.

मुंबईच्या कापडगिरण्या घ्या. हजारो महार कामगार गिरणीत होते. पण कुठल्या खात्यात? रिंगखात्यात, सूतकताईत. विणकाम खात्यात नाही. विणकरीला पगार जास्त होता. मग तिथं का नाही? तर धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. तोंड लावलेला धोटा दुसऱ्या पाळीत दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. सवर्ण विणकराला ते चालत नव्हतं. झालं! एका घोटभर थुंकीवर एका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी कमी झाली. गिरणीत भोंगा एक, मालक एक, संप एक. पण मागाजवळ गेलात की गाव आणि गावकुसाबाहेर.

१९२८ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना तोंडावर विचारलं, विणकाम खात्यात आमच्या माणसांना जी बंदी आहे ती तुमच्या मागण्यांत कुठं आहे? कामगार तेवढा एक, ही घोषणा देणाऱ्यांना हा प्रश्न अवघड गेला. म्हणून मी म्हणतो, फक्त मालकाकडे बोट दाखवून भागत नाही. विणकाम खात्याचा दरवाजा मालकाइतकाच कामगारानंही लावून घेतला होता. जात ही श्रमाची वाटणी नसून श्रमिकांचीच फाळणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं, त्याचा कारखान्यातला अर्थ हा असा.

आणि म्हणूनच बाबासाहेबांनी कसबाचा प्रश्न कधी हलका मानला नाही. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. युद्धाच्या काळात तांत्रिक कामगार घडवण्याची सरकारी योजना चालू होती, तीही त्यांच्याच खात्याच्या हाताखाली. आपल्याला बाबासाहेबांचा कोट आणि हातातलं पुस्तक आठवतं. त्यांनी वर्कशॉपचंही दार ठोठावलं होतं, हे आपण कमी सांगतो.

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना आली. तिच्यातून आजच्या आयटीआय. १९६१ च्या शिकाऊ कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि ठरलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवण्याचं कलम आलं. कलम ३-अ. लिहून घ्या. खाजगी कारखान्याच्या गेटाच्या आत आपल्यासाठी कायद्यानं ठेवलेली ही जागा आहे. खाजगी नोकरीत आरक्षण नाही, पण या शिकण्याच्या जागेत आहे. इथं बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत होतं? हात वर करा. बघा. मला कळायलाही अकरा वर्षं लागली होती.

आता माझ्यावर काय बेतलं ते थोडक्यात सांगतो. माझा दाखला टर्नरचा. सुपरवायझरनं आडनाव विचारलं, गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. समजायचं ते समजला. मला बर काढायला बसवलं. कानस घेऊन दिवसभर जॉबच्या कडा घासायच्या. आणि शनिवारी कुलंटची टाकी. सडलेलं कुलंट, तळाला बसलेला कीस, आणि तो वास! तुम्हांला आठवण होईल कशाची ते मी सांगत नाही. माझ्याबरोबर लागलेला, माझ्याच ट्रेडचा दुसरा पोरगा सुपरवायझरच्या गावचा. तो तिसऱ्या महिन्यात लेथवर. मी आठ महिने टाकीत. कोणी मला शिवी दिली नाही. कोणी कप वेगळा ठेवला नाही. फक्त मशीन दिलं नाही. शहरातली जात अशी असते, दोस्तांनो. ती पाणी नाकारत नाही, ती स्पिंडल नाकारते.

मला लेथ शिकवला तो रात्रपाळीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं. उत्तर प्रदेशातला मुसलमान. त्यानं मला एकच विचारलं, हात कापतो का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, मग उभा राहा. बस्स. तेवढ्यावर आज माझ्या घरात चूल पेटते. म्हणून कोणी तुम्हांला सांगायला आला की आपल्या नोकऱ्या परप्रांतीयांनी खाल्ल्या, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मालक म्हणतो, ‘इथली पोरं आळशी, भय्ये बारा-बारा तास उभे राहतात.’ अरे, तो उभा राहतो कारण त्याला शेडच्या वरच झोपायला दिलंय आणि त्याचं घर दोन रात्रींच्या प्रवासावर आहे. त्याच्या लाचारीला तू मेहनत म्हणतोस आणि आमच्या नकाराला आळस.

आडनावाची गोष्ट मी एकटाच सांगत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज धाडले. फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जांना पुढचं बोलावणं येण्याची शक्यता स्पष्टपणे कमी निघाली. ती पदवीवाल्यांची, टेबलाची कामं होती. तिथं कागदावर हे. मग जिथं जाहिरातच नसते, ‘आपल्या ओळखीतला पोरगा बघ रे’ एवढ्यावर भरती होते, त्या शेडमध्ये काय होत असेल?

आता आजचं चित्र. मालकानं माणूस घडवायचं सोडलं आणि माणूस फिरवायचं सुरू केलं. पोरगा येतो. सहा महिने ‘ट्रेनी’. मशीनमध्ये जॉब घालायचा, दार लावायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा. प्रोग्रॅमला कुलूप. पासवर्ड सेटरकडे. सेटर शिकवत नाही, कारण त्याला भीती, पोरगा शिकला तर उद्या कमी पगारात माझ्या जागी बसवतील. त्याची भीतीही खोटी नाही. मग ब्रेक. पोरगा शेजारच्या गल्लीत दुसऱ्या कंपनीत पुन्हा ट्रेनी. पाच वर्षांत सहा कंपन्या, आणि हातात एकच कसब : हिरवं बटण. मग गेटवरची पाटी त्याला विचारते, ‘अनुभवी आहेस का?’

पंचवीस लाखांच्या मशीनसाठी मालक पाच वर्षांचे हप्ते भरतो. त्याचा विमा काढतो, त्याला तेल घालतो, त्याच्यासाठी वातानुकूलित खोली करतो. मशीन चालवणाऱ्या माणसासाठी त्याच्याकडे पाच वर्षं नाहीत. मशीन मालमत्तेत धरलं जातं, माणूस खर्चात. हा सगळा तुटवडा या एका हिशेबातून जन्मला आहे.

सरकार काय करतं? मालकाचा हिशेब सोपा करून देतं. शिकाऊ कायद्यानं शिकाऊ हा कामगार नव्हे, तो शिकणारा. चांगलं आहे, शिकवत असाल तर! पण त्याच्याकडून कामगाराइतकं काम घेऊन कामगाराचे हक्क नाकारायला हेच कलम वापरतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार, आणि तेही सरकारच्या तिजोरीतून. सुरुवातीला मुदत सहा महिने. सहा महिन्यांत टर्नर होत नाही, हे मी मघाशीच सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीची नोकरी आता राजरोस कायद्यात आहे. एका वर्षावर ग्रॅच्युइटी मिळेल, ती घ्या, सोडू नका. पण मुदत संपली की गेटबाहेर जायचं हेही त्याच कागदात आहे.

आणि २०२३ साली आलेली विश्वकर्मा योजना. अठरा धंदे. लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, चांभार. अवजारांसाठी १५ हजार, वर कर्ज. आपल्या म्हाताऱ्या कारागिरांना ते मिळत असेल तर जरूर मिळावं, त्यांच्या हातांना कधी कोणी काही दिलं नाही. पण पोराला बापाच्याच धंद्यात पक्कं करणाऱ्या योजनेला गुरु-शिष्य परंपरेचं नाव देता, तेव्हा आम्हांला एकलव्याचा अंगठा आठवतो. चांभाराच्या पोराला पुन्हा आरीच का? त्याला सीएनसी का नाही? ज्या बापानं चामड्याची जात, जाडी, ताण नुसत्या बोटानं ओळखला, त्याच्या पोराला मायक्रोमीटर कळणार नाही, असं कोण म्हणतो?

‘कुशल’ हा शब्दच तपासा. किमान वेतनाच्या कागदात तीन रकाने असतात : कुशल, अर्धकुशल, अकुशल. कोणाला कुठल्या रकान्यात टाकायचं हे मालकाचं पेन ठरवतं. वीस वर्षं वेल्डिंग करणारा माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर ‘हेल्पर’ असतो. वायरिंगच्या लाइनवर आपल्या बहिणी डोळ्यांत तेल घालून बारीक तारा जोडतात. मालकच म्हणतो, पुरुषांना ते जमत नाही. मग त्या कागदावर अकुशल कशा? जे पुरुषाला जमत नाही ते अकुशल? तुटवडा कुशल माणसांचा जेवढा आहे, त्याहून जास्त कुशल म्हणण्याच्या दानतीचा आहे.

आता शेवटचं, आणि कामाचं. पुढच्या महिन्यात वस्तीत रोजगार मेळावा भरतोय. मांडव पडेल, नगरसेवक येतील, कंपन्यांची माणसं टेबलं लावतील. पोरं रांगा लावतील, फोटो निघतील. तिथं जायचं की बहिष्कार टाकायचा, यावर आपल्यात वाद चाललाय. माझं मत ऐका. जायचं. पण हात जोडून नाही, प्रश्न घेऊन. पाच प्रश्न. प्रत्येक टेबलावर तेच पाच.

एक. मी कोणाचा? कंपनीचा, ठेकेदाराचा, शिकाऊ की ट्रेनी? पगार किती, तास किती? लेखी द्या.

दोन. शिकवणार कोण आणि काय? किती महिन्यांत मला सेटिंग द्याल? की शेवटपर्यंत हिरवं बटण?

तीन. मागच्या वर्षी घेतलेल्या शिकाऊंपैकी किती जणांना नोकरी दिली? २०१४ च्या दुरुस्तीनं प्रत्येक मालकानं याचं धोरण ठरवायचं आहे. ते दाखवा.

चार. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, अडीच ते पंधरा टक्के. तुमच्याकडे किती आहेत? त्यांत कलम ३-अ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींचे किती? ते मशीनवर आहेत की टाकीत?

पाच. प्रेसमध्ये बोट गेलं तर भरपाई कोण देणार? कंपनी की ठेकेदार? त्याचं नाव आणि पत्ता लिहा.

उत्तरं वहीत उतरवा. कोण काय म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण म्हणालं ‘पुढच्या वेळी बघू’. दोन पोरांनी प्रत्येक टेबलाजवळ वही घेऊन उभं राहायचं. ती वही घेऊन आपण शिकाऊ प्रशिक्षणाच्या सरकारी कार्यालयात जायचं. एक वही म्हणजे मोर्चा नव्हे, हे मलाही कळतं. पण वहीशिवाय काढलेला मोर्चा दुसऱ्या दिवशी पेपरातही राहत नाही.

आणि आपलं आपण काय करायचं? आपल्यात एक चाल पडली आहे. कॉलेजात गेलेला पोरगा मशीनवरच्या पोराला कमी लेखतो. राग मला समजतो. हातानं काम करायची सक्ती आपल्यावर हजारो वर्षं झाली, म्हणून हाताचं कामच नको वाटतं. पण ढोराचं ओझं आणि सेटरचं कसब एक नाही. पहिल्यात तुम्हांला कोणीही बदलू शकतो. दुसऱ्यात मालकाला विचार करावा लागतो. संपात मशीन कोण थांबवतो? ज्याला ती चालवता येते तो. ठेकेदाराचा बदली माणूस एका दिवसात हिरवं बटण शिकतो. सेटिंग नाही शिकत.

म्हणून पुढच्या रविवारपासून सकाळी नऊ वाजता, याच हॉलमध्ये, ड्रॉइंग वाचायचा वर्ग सुरू करतोय. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर मी आणतो. फी नाही. दाखला नाही. मुलींनी यायचं. दहावी नापासांनी यायचं. पदवीवाल्यांनीही यायचं, त्यांचाही हात काळा होऊ द्या. पाच जण आले तरी वर्ग होईल. सेटर असलेल्या आपल्या मित्रांना माझं सांगणं आहे, पासवर्ड दाबून बसू नका. आपल्याला कोणी दार उघडलं नाही म्हणून आपणही आतून कडी लावली, तर विणकाम खात्यातल्या त्या विणकरांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

मालकाला माझा निरोप द्या. माणूस मिळत नाही म्हणतोस ना? इथं आहेत. मैलभरावर. घडवायची तयारी असेल तर ये, पगार लिहून आण, आणि आडनाव विचारू नकोस. विचारायचंच असेल तर माझ्या मिस्त्रीनं विचारलं ते विचार.

जयभीम!